नामदेव घडले कसे?



संकट आले की माणूस आपोआप शहाणा होतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. आपल्याच जिल्ह्यातली संत नामदेवांची कथा पाहा. संत गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवण्याच्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी तपासली तेव्हा नामदेव चिडले आणि कच्चे मडके ठरले. ते रुसून बसले असते, तर पदरी अपमानच उरला असता. पण ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले! म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी ते ठेवावेत तिथे पिंड. देव नाही अशी जागाच नाही, हे शहाणपण शोधायला गेल्यावर मिळाले. म्हणून नापिकीने खचलेल्या शेतकऱ्याला 'देव परीक्षा पाहतोय' म्हणून गप्प करू नका. त्याला रागावू द्या, प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर देणारे कोणी त्याच्याजवळ बसू द्या.

– एक वाचक, नर्सी नामदेव (जि. हिंगोली)