पाण्यावरचा शेजारधर्म आणि काठावरचा कायदा

१/ इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत संसार करणाऱ्या माणसांविषयी काठावरच्या समाजाने एक समज दीर्घकाळ जपला आहे : ज्याला पत्ता नाही, त्याला शिस्तही नाही. इतिहास पाहिला तर चित्र जवळजवळ उलटे दिसते. या लोकांचे आपसातले नियम काटेकोर होते. पेच पडला तो त्यांच्यासाठी काठावरून लिहिल्या गेलेल्या नियमांत. ही कहाणी त्या दोन नियमावल्यांची आहे.

२/ सुरुवात १७६१ पासून करावी. त्या वर्षी ब्रिजवॉटर कालवा खुला झाला आणि वर्सलीच्या खाणींतला कोळसा बोटींनी मँचेस्टरकडे जाऊ लागला. पुढल्या सत्तर-ऐंशी वर्षांत इंग्लंडच्या मध्यभागी कालव्यांचे जाळे विणले गेले. अभियंता जेम्स ब्रिंडली याने त्यांतल्या अनेक कालव्यांसाठी अरुंद लॉक ठरवले, रुंदी जेमतेम सात फूट. त्या मापात बसणारी सुमारे सत्तर फूट लांब, सात फूट रुंद बोट म्हणजेच नॅरोबोट.

३/ लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दारे लावायची, झडपा उघडून पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि बोट वर चढवायची किंवा खाली उतरवायची. दर वेळी एक लाख लिटरहून अधिक पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते. उन्हाळ्यात ते पाणी परत मिळवणे कठीण. कालव्यावरची निम्मी सभ्यता या एका अडचणीतून जन्मली आहे.

४/ उदाहरणार्थ, लॉक भरलेले आहे, एक बोट खालून आली आहे आणि वरून दुसरी येताना दिसते आहे. अशा वेळी आधी पोहोचलेल्या खालच्या बोटीने थांबावे, असा संकेत आहे. वरची बोट भरलेल्या हौदात शिरते, खाली उतरते, आणि तोच रिकामा झालेला हौद खालच्या बोटीला आयता मिळतो. एका हौदभर पाण्यात दोघांचे काम होते. ‘मी आधी आलो’ यापेक्षा ‘पाणी कसे वाचेल’ हा प्रश्न येथे मोठा मानला गेला.

५/ घोडे बोटी ओढत, तेव्हा समोरासमोर आलेल्या बोटींचा प्रश्न आणखी नाजूक होता. काठाची पायवाट एक, घोडे दोन आणि लांबच लांब दोर दोन. उपाय साधा होता. एक नाविक घोडा थांबवी, दोर सैल सोडी; दोर पाण्यात बुडे आणि दुसरी बोट त्यावरून निघून जाई. एकाने क्षणभर थांबायचे, म्हणजे दोघांचाही गुंता टळतो.

६/ बोगद्यांत तर एकमेकांवर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८११ मध्ये खुला झालेला स्टँडेज बोगदा पाच किलोमीटरहून लांब आहे आणि त्यात पायवाट नाही. घोड्याला डोंगरावरून पलीकडे नेत आणि माणसे बोटीवर पाठीवर झोपून, भिंतींना पाय लावून, पावलापावलाने बोट पुढे ढकलत. अंधारात मध्यावर दुसरी बोट समोर आली तर माघार घेणे जवळजवळ अशक्य. म्हणून कोणी कधी शिरायचे याच्या वेळा ठरलेल्या असत.

७/ हे सारे गोड सामंजस्याने चाले, असे मानण्याचे कारण नाही. दिवसरात्र धावणाऱ्या जलद बोटींना लॉकवर अग्रक्रम असे आणि बाकीच्यांना तो खुपे. पाळीवरून हाणामाऱ्याही होत. परंतु भांडण पाळीवरून होते, याचाच अर्थ पाळी ही कल्पना सर्वांना मान्य होती. जेथे नियमच नाही, तेथे नियम मोडल्याची तक्रारही संभवत नाही.

८/ आता कुटुंबे बोटीवर का आली ते पाहू. रेल्वे आल्यानंतर कालव्यावरच्या वाहतुकीचे दर कोसळले. काठावर घरभाडे भरणे आणि मजूर ठेवणे अनेक नाविकांना परवडेना. पत्नी आणि मुले बोटीवर आली. बिनपगारी खलाशीही तीच. बोटीचा बहुतेक भाग मालासाठी, मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद केबिन. शेगडी, घडीचा पलंग, फळीचे कपाट आणि त्यात संपूर्ण संसार.

९/ एवढ्याशा जागेने स्वतःचा शेजारधर्म घडवला. दुसऱ्याच्या बोटीवर हाक दिल्याखेरीज किंवा बाजू ठोठावल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही. जवळून जाताना केबिनमध्ये डोकावायचे नाही. दोन बोटी शेजारी बांधल्या असतील आणि काठावर उतरण्यासाठी दुसऱ्याची बोट ओलांडावी लागली, तर सहसा पुढच्या डेकवरून जायचे, केबिनच्या बाजूने नाही. जेथे भिंत फळीएवढी पातळ असते, तेथे खासगीपणा नजर वळवूनच राखावा लागतो.

१०/ काठावरून मात्र हा संसार वेगळा दिसत होता. कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. भट्ट्यांवरील मुलांसाठी लढा दिल्यानंतर तो कालव्याकडे वळला. १८७५ मध्ये त्याने या लोकसंख्येवर पुस्तक लिहिले आणि गर्दी, अस्वच्छता, निरक्षरता, दारू यांचे भीषण चित्र रंगवले. त्याच्या मोहिमेतून १८७७ चा कालवा-बोट कायदा आला. तो ढिला ठरल्याने १८८४ मध्ये अधिक कडक करण्यात आला.

११/ या कायद्याने प्रत्येक निवासी बोटीची नोंदणी सक्तीची केली. नोंदणीचे ठिकाण आणि क्रमांक बोटीवर रंगवणे आले. नियमांत माणसे घनफुटांनी मोजली गेली : बारा वर्षांवरील प्रत्येकासाठी ६० घनफूट हवा, त्याखालील मुलासाठी ४०. म्हणजे आई, वडील आणि दोन लहान मुले यांना मिळून २०० घनफूट, बाजू सहा फुटांहूनही थोडी कमी असलेला एक चौकोनी डबा. किमान मर्यादा इतकी खाली ठेवूनही अनेक बोटी ती ओलांडत होत्या. स्मिथचा संताप निराधार नव्हता.

१२/ पतिपत्नी ज्या केबिनमध्ये झोपतात तेथे बारा वर्षांवरील मुलगी किंवा चौदा वर्षांवरील मुलगा झोपू नये, असाही नियम होता. नियमभंगाचा किंवा संसर्गजन्य रोगाचा संशय आल्यास अधिकाऱ्याला दिवसा बोटीत शिरण्याची मुभा मिळाली. ज्या उंबऱ्याशी शेजारी हाक देऊन थांबत असे, तो उंबरा आता सरकारी माणूस ओलांडू शकत होता. आजारी मुलाच्या दृष्टीने हे उपकारक होते. परंतु मोठ्या मुलांनी मग झोपायचे कोठे, याचे उत्तर गरीब नाविकाला कायद्याने दिले नाही. वाहतुकीचे दर कायद्याच्या कक्षेत नव्हतेच.

१३/ शाळेचा प्रश्नही असाच. बोट जेथे नोंदलेली, तेथेच मुलाचे वास्तव्य आहे असे शिक्षणापुरते मानले गेले. कागदावर हा उपाय नीटनेटका होता. प्रत्यक्षात ते मूल त्या दिवशी कित्येक कोस दूर लॉकची दारे ढकलत असे. फिरत्या माणसाला एका जागी खिळवून मगच त्याला हक्क देता येतात, ही समजूत येथे प्रथम स्पष्ट दिसते.

१४/ ही समजूत केवळ कालव्यापुरती नव्हती. स्मिथने पुढे जिप्सी आणि गाडीत राहणाऱ्या इतरांसाठीही नोंदणी व तपासणीचे विधेयक रेटले. फिरत्या जत्रांतील खेळवाल्यांनी १८८९ मध्ये संघटना उभारून त्याला विरोध केला आणि ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. कालव्यावरच्या कुटुंबांपाशी अशी संघटना नव्हती. त्यांच्यासाठीचा कायदा त्यांच्यावाचून झाला.

१५/ मराठी वाचकाला येथे दुसरा एक कायदा आठवेल. याच ब्रिटिश सत्तेने १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदणी, हजेरी, हालचालींवर बंदी; सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत. तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या.

१६/ दोन्ही कायदे एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. कालव्यावरच्या माणसाला कोणी जन्मजात गुन्हेगार ठरवले नाही, त्याला कुंपणातही घातले नाही. एकीकडे वंशावर ठेवलेला कलंक होता, दुसरीकडे सुधारकाची कणव. तरीही दोन्हींच्या मुळाशी एक प्रश्न समान आहे : ‘तू नेमका राहतोस कोठे?’ माणूस वागतो कसा, हे विचारण्याआधी राज्यसत्तेने तो सापडतो कोठे, हे विचारले.

१७/ कालवे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. पण बोटी संपल्या नाहीत. एल. टी. सी. रोल्ट हा अभियंता ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहत होता. त्याच्या १९४४ च्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकाने आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या अंतर्देशीय जलमार्ग संघटनेने कालव्यांना नवे प्रेमी मिळवून दिले. कोळसा गेला, राहणारी माणसे पुन्हा आली.

१८/ जुना शेजारधर्म या नव्या रहिवाशांनी उचलला आणि वाढवला. कमाल वेग ताशी चार मैल. बांधलेल्या बोटीजवळून जाताना त्याहूनही कमी, कारण वेगाने खेचल्या जाणाऱ्या पाण्याने तिच्या खुंट्या उपटतात आणि आतल्या शेगडीवरचा चहा सांडतो. समोरासमोर आल्यास प्रत्येकाने आपल्या उजवीकडे राहायचे. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. लॉकच्या तोंडाशी आणि पाण्याच्या नळाशी मुक्काम करायचा नाही.

१९/ यांतील काही नियम लेखी आहेत, काही केवळ पाहून शिकायचे. पण त्यांचा स्वभाव एक आहे : प्रत्येक नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. आज जो सावकाश जातो, त्याचीच बोट उद्या काठाला बांधलेली असते. नियम पाळणारा आणि त्याचा लाभ घेणारा ही आळीपाळीने एकच व्यक्ती असते. म्हणून फारशा पहाऱ्याविना हे नियम टिकतात.

२०/ याउलट १९९५ चा ब्रिटिश जलमार्ग कायदा पाहा. बोटीला कायमची जागा नसेल तर तिने परवान्याच्या काळात प्रामाणिकपणे प्रवास करत राहावे आणि एका ‘ठिकाणी’ सलग १४ दिवसांपेक्षा अधिक राहू नये. परिस्थितीनुसार वाजवी असेल तेवढी अधिक मुदत मिळू शकते. ‘ठिकाण’ म्हणजे किती अंतर, हे कायद्यात सांगितलेले नाही. म्हणजे कायद्याने स्थिर पत्त्याऐवजी सतत हालचाल मागितली, पण ती मोजायची कशी हे मोघम ठेवले.

२१/ २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिची अडचण खरी आहे. लंडनमध्ये घरे महागली, तशा काठाला लागलेल्या बोटींच्या रांगा वाढल्या. सर्वच थांबले तर नव्याने येणाऱ्याला जागा कोठून मिळणार? एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर अधिभारही आला.

२२/ पण ज्याचे मूल एका शाळेत आहे, ज्याची नोकरी एका शहरात आहे, जो आजारी आहे, त्याच्यासाठी किती अंतर पुरे, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. परवाना गेला तर केवळ वाहन जात नाही, घर जाते. १८७७ मध्ये मुलाला नोंदणीच्या गावात बसवले गेले. आज त्याच्या घराला दर पंधरवड्याला उठवले जाते. बदलली ती केवळ दिशा.

२३/ म्हणून सांगायचे ते एवढेच. कालव्यावर जागा मर्यादित आहे आणि नियमांवाचून तेथे एक दिवसही निभणार नाही. हे बोटीवरच्या माणसाला काठावरच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. नियम करताना त्याला सोबत बसवले, तर ‘ठिकाण’ या शब्दाचा व्यवहार्य अर्थ निघू शकतो. शेजारी बोट बांधू देणे, पाळीने जागा सोडणे, शाळेच्या सत्रापुरती सवलत देणे, हे सारे त्या जुन्या शेजारधर्माच्या चौकटीत बसणारे आहे.

२४/ इतिहासाच्या अभ्यासकासाठीही यात एक सूचना आहे. कायदे छापले गेले, म्हणून ते सहज सापडतात. निरक्षर नाविकांचे संकेत कागदावर फारसे आले नाहीत. परंतु इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांवरील पुलांच्या कोपऱ्यांना लावलेल्या लोखंडी पट्ट्या पाहाव्यात. ओढाईच्या दोरांनी तेथे बोटभर खोल खाचा पाडल्या आहेत. त्या पुलांखालून हजारो बोटी गेल्या. समोरून दुसरी आली की प्रत्येक वेळी कोणीतरी घोडा थांबवून आपला दोर पाण्यात सोडला होता. त्याची नोंद कोणत्याही निरीक्षकाच्या वहीत नाही.