खाज एक, कारणे अनेक

खाज सुटली की खाजवायचे आणि खाजवले की आणखी खाज सुटायची, हे दुष्टचक्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्यातून ती जांघेत किंवा स्तनांखाली असेल, तर स्त्रिया संकोचापोटी कोणाजवळ बोलतही नाहीत. दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते, चार दिवसांत आराम पडतो आणि हळूहळू ती ट्यूब साऱ्या घराची होऊन बसते. महिनाभराने मात्र खाज दुप्पट जोराने परतते. असे का व्हावे?

कारण खाज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. आपल्याकडे दीर्घकाळ छळणाऱ्या खाजेमागे बरेचदा गजकर्ण, खरूज किंवा इसब यांपैकी एक असते, आणि तिघांचे उपचार अगदी वेगळे आहेत.

गजकर्ण

यालाच नायटाही म्हणतात. हा बुरशीचा संसर्ग. गोल चट्टा, लालसर खवलेदार कड आणि त्यामानाने स्वच्छ मधला भाग, ही त्याची ओळख. घाम, घट्ट व ओलसर कपडे त्याच्या पथ्यावर पडतात. बाजारातील अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइडही मिसळलेले असते. त्याने लाली व खाज दबते, पण बुरशी पसरतच राहते. चट्ट्याची कड पुसट झाल्याने निदान अवघड होते, त्वचा पातळ पडते आणि जांघेत कायमचे वळ उमटू शकतात. म्हणूनच २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने मनाई केली. शिवाय आज भारतात पसरलेली एक बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. तेव्हा चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

खरूज

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ आणि घरात आणखी कोणी खाजवणारे असेल, तर खरजेची शंका घ्यावी. हा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याचा प्रताप. पहिल्या लागणीनंतर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणून खाज नसलेल्यांसह सर्वांनी एकाच दिवशी औषध लावणे आवश्यक असते. पर्मेथ्रिनचे मलम मोठ्यांनी मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत रात्रभर लावून सकाळी धुवावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ही मुले व गर्भवती यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. त्यामुळे घाबरून रोज मलम फासू नये.

इसब

कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत कोरडी, खरखरीत त्वचा, घरात दमा वा ॲलर्जीचा इतिहास, असे चित्र असेल तर इसब असण्याची शक्यता असते. हे संसर्गजन्य नाही. त्यामुळे अशा मुलाला इतरांपासून दूर बसवणे अन्यायाचे ठरेल. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा मॉइश्चरायझर लावावे. येथे स्टिरॉइड मलम खरोखरच उपयोगी पडते, मात्र त्याची तीव्रता आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवावी. टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यांतील निकेल, धुण्याची पावडर यांनीही त्या त्या जागी इसब उठू शकते.

पुरळ नसेल तर

अंगावर काहीच न दिसता सर्वांगाला खाज सुटत असेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर व रक्ताची तपासणी करून घ्यावी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. यकृतातील बिघाडामुळे बाळाला धोका संभवतो.

नखे कापून ठेवावीत, खाज असह्य झाल्यास थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि शेजारणीला लागू पडलेली ट्यूब शेजारणीकडेच राहू द्यावी. डॉक्टरांकडे जाताना मात्र आजवर लावलेल्या सर्व ट्यूब सोबत न्याव्यात. निदानाचे निम्मे काम त्यानेच होते.