मैदानातील जय आणि मेजावरील पराजय

मुष्टियुद्धाच्या जागतिक अजिंक्यपदाचा सामना जवळ आला, की जगभर दोन वाद एकाच वेळी पेटतात. येत्या लढतीत कोण जिंकणार हा पहिला वाद. आणि आजवरच्या विजेत्यांत सर्वश्रेष्ठ कोण हा दुसरा. हे वाद आता न्यूयॉर्क-लंडनपुरते उरलेले नाहीत. उरण-अलिबागपासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या तरुणांचे रक्त कबड्डीच्या चढाईने तापते, त्याच तरुणांच्या हातातील फोनवर या लढती दिसतात, आणि मग समाजमंदिराच्या ओट्यावर मध्यरात्रीपर्यंत खल चालतो. एक म्हणतो, महंमद अलीसारखा पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, जो लुईने १९३७ पासून १९४९ पर्यंत अजिंक्यपद राखले आणि पंचवीस वेळा आव्हानवीरांना परत पाठविले, त्याची बरोबरी कोण करील? तिसरा म्हणतो, जुन्यांचे काय घेऊन बसलात, आजचा विजेता पाहा!

वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. माणसाची थोरवी कोणत्या मापाने मोजावी, हाच या वादाचा खरा प्रश्न आहे. आणि ज्या समाजाची मापे शेकडो वर्षे दुसऱ्यांच्या हाती होती, त्या समाजाच्या मुलांनी मापाविषयी वाद घालावा, यात शुभचिन्हच आहे. मात्र वाद घालावयाचा तर तो नीट घातला पाहिजे.

केवळ आकड्यांनी निकाल लागत असता, तर वाद केव्हाच मिटला असता. रॉकी मार्सियानो याने ४९ व्यावसायिक लढती लढल्या आणि ४९ ही जिंकल्या. महंमद अलीने ६१ लढती लढल्या. त्यांपैकी ५६ जिंकल्या आणि ५ गमावल्या. गणिताने मार्सियानो मोठा ठरतो. तरीही जगाच्या पाठीवर जिथे मुष्टियुद्धाचा गंधही नाही, तिथे अलीचे नाव ठाऊक आहे. असे का व्हावे?

त्याचे उत्तर त्याच्या नावातच आहे. १९४२ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल गावी जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाचे नाव कॅशियस क्ले असे होते. १९६० साली त्याने रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे सनी लिस्टनला नमवून तो जगज्जेता झाला. आणि लगेच त्याने जाहीर केले की, आपण धर्म बदलला आहे, जुने नाव गुलामीचे आहे आणि यापुढे आपणांस महंमद अली म्हणावे. एवढ्यावर अमेरिकेत काहूर उठले. वृत्तपत्रे वर्षानुवर्षे त्याला क्लेच लिहीत राहिली. १९६५ साली फ्लॉइड पॅटरसन आणि १९६७ साली अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यांनी हट्टाने जुनेच नाव उच्चारले. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी ह्यूस्टन येथे टेरेलशी पंधरा फेऱ्यांची लढत झाली, तेव्हा अली प्रत्येक ठोशागणिक त्याला आपले नाव विचारीत होता.

ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. दाखल्यावर नवे नाव चढते, घरात बाळाचे नाव राहुल वा सुजाता ठेवले जाते, पण गावचावडीवर हाक मारणारा जुन्याच शब्दाने हाक मारतो, आणि 'सवयीने तोंडात येते' असे म्हणून हसतो. ती सवय नसते. 'तू कोण आहेस हे ठरविण्याचा अधिकार माझा, तुझा नव्हे', असे तो त्या हाकेतून सांगत असतो. अलीने स्वीकारलेला धर्म आपला नव्हे. परंतु आपला धर्म आणि आपले नाव आपण निवडण्याचा जो हक्क त्याने बजावला, तो हक्क आपलाच आहे.

आता पुढील भाग पाहा. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलीने नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना रोखला आणि जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने त्याचे पद काढून घेतले. जूनमध्ये न्यायालयाने त्याला पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला. अपील चालू असल्यामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला. परंतु ऐन पंचविशीपासून साडेतीन वर्षे त्याला रिंगणाची दारे बंद होती. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. म्हणजे ज्याला तोवर रिंगणात कोणीही हरवू शकले नव्हते, त्याचे पद लेखणीच्या एका फटकाऱ्याने गेले. मैदानात जिंकलेले मेजावर हिरावले गेले! पुढे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला पाडून त्याने ते पद पुन्हा मिळविले, तेव्हा जगाने जो जयघोष केला तो केवळ ठोशांचा नव्हता.

हे सर्व दूरदेशीचे झाले. परंतु मेजावरील पराजय ही गोष्ट आमच्या मातीला नवी नाही. ज्याच्या आडनावातच कोकण आहे असा एक खेळाडू आमच्यातही होऊन गेला. त्याचे नाव पाळवणकर बाळू. १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात तो जन्मला. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर तो खेळपट्टी राखीत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. त्याची डावखुरी फिरकी इतकी अवघड होती, की पुण्याच्या हिंदू संघाला त्याच्यावाचून चालेना. चेंडू तेवढा सोवळा ठरला; खेळाडू मात्र ओवळाच राहिला. मधल्या सुटीत सवंगडी तंबूत चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत आणि बाळूला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला हरविले, त्यात बाळूचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने अनेक सामने गमावले, पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. असा गोलंदाज आपल्या संघाचा कर्णधार झाला असेल, असे कोणासही वाटेल. तो झाला नाही. वर्षामागून वर्षे गेली, कर्णधार दुसरेच निवडले गेले. त्यांपैकी एक, एम. डी. पै, यांनी हा मान बाळूचा होता असे उघडपणे सांगितले, ही त्यांची सचोटी. १९२० साली बाळूला वगळण्यात आले आणि त्याचा भाऊ विठ्ठल याचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ अपमान सोसून खेळण्यास नकार देऊन संघाबाहेर पडले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूला जे मिळाले नाही ते विठ्ठलला मिळाले, कारण मध्ये एक नकार उभा होता.

वाचकांनी १९२३ हे साल लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण तीन वर्षे अस्पृश्याच्या ओंजळीत त्याचे पाणी आले नाही. आज ज्यास रायगड म्हणतात त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह त्या तळ्यावर गेले तेव्हाच तो ठराव खरा झाला. मातीच्या भांड्यातील चहा आणि तळ्यातील पाणी यांची कथा एकच आहे. बाळूने कर्णधार होऊ नये असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. आणि महाडात तर नियम आपल्या बाजूचा होता! लिहिलेल्या नियमाहून न लिहिलेला नियम बळकट असतो, आणि तो मोडण्यासाठी कोणीतरी पुढे पाऊल टाकावे लागते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो व तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. पाळवणकर बाळू हे पुढे राजकारणात काँग्रेसच्या बाजूस गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. म्हणून काही बंधू विचारतात, अशा माणसाचा गौरव आपण का करावा? आमचे उत्तर स्पष्ट आहे. राजकारणात त्यांनी धरलेली वाट आपली नव्हती, आणि तसे स्वच्छ म्हणावे. परंतु मातीच्या भांड्यातून चहा पिऊन ज्याने गडी बाद केले, त्याचा खेळ त्या एका निवडणुकीने पुसला जात नाही. तरुण वयात बाबासाहेबांना स्वतःला या खेळाडूविषयी आदर होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. विरोध करावा, पण विरोधकाचे कर्तृत्व खोडून काढू नये. आपले कर्तृत्व खोडणारे लोक आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा कित्ता आपण गिरवू नये.

हाच न्याय अलीलाही लावावा. १९७५ साली मनिला येथील लढतीपूर्वी त्याने आपल्याच वर्णाच्या जो फ्रेझरला गोरिला म्हणून हिणविले. ज्या शब्दांनी गोऱ्यांनी काळ्यांना दुखविले, तेच शब्द त्याने आपल्या भावावर फेकले, आणि फ्रेझरच्या मनातील ती जखम वर्षानुवर्षे भरली नाही. विजेत्याच्या वारशात धन असते तसे ऋणही असते. वारस म्हणविणाऱ्याने दोन्ही रकाने वाचावेत. तेव्हा आपल्या तरुणांनो, ओट्यावरचा वाद कितीही चढला, तरी प्रतिस्पर्ध्याच्या जातीवर, रंगावर वा त्याच्या आईबापांच्या कामावर बोट ठेवू नका. ते शस्त्र दुसऱ्यांनी आपल्यासाठी घडविलेले आहे.

आणखी एक गोष्ट मातापित्यांसाठी. अलीचे वैद्य फर्डी पचेको यांनी त्याला खेळ थांबविण्याचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही, तेव्हा १९७७ साली त्यांनी त्याची साथ सोडली. १९८० साली लॅरी होम्सपुढे अलीचे जे हाल झाले, ते पाहून दहाव्या फेरीनंतर त्याच्याच प्रशिक्षकाने लढत थांबविली. १९८४ साली त्याला कंपवात झाल्याचे निदान झाले. टाळ्या वाजविणारे लाखो असतात. 'आता पुरे' म्हणणारा एखादाच असतो, आणि तो घरचा असावा लागतो. मुलाला खेळू द्यावे, मुलीलाही अवश्य खेळू द्यावे; पण वही मिटवून नव्हे, आणि शरीर गहाण टाकून तर नव्हेच.

मग विजेत्याचे माप कोणते? आमच्या मते ते असे: त्याने किती जणांना पाडले हे पाहावेच, पण तो ज्या दारातून आत गेला ते दार त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी उघडे राहिले काय, हे त्याहून अधिक पाहावे. आज मुष्टियुद्धात चार संघटना चार निरनिराळे पट्टे देतात, त्यामुळे एकाच वजनात एकाच वेळी तीन-चार जगज्जेते असू शकतात. पट्टा देणारे आणि काढून घेणारे हात मेजावरचे असतात. पट्ट्याने माणूस मोठा होत नाही, हे यावरून तरी कळावे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. येत्या लढतीवर खुशाल वाद घाला. परंतु त्याच उत्साहाने आपल्या गावच्या कबड्डी आणि क्रिकेट मंडळाकडेही पाहा. संघात चढाईला आपला मुलगा चालतो, मग कर्णधार निवडताना त्याचे नाव का निघत नाही? मंडळाच्या कार्यकारिणीत आपले किती जण आहेत? निवड समितीची बैठक केव्हा होते, इतिवृत्त कोण लिहितो, मंडळाचा हिशेब कोण तपासतो? यादीत आपल्या मुलाचे नाव त्याने स्वीकारले आहे तसेच लिहिले जाते काय? सभासद व्हा, वर्गणी भरा, सभेला जा, प्रश्न विचारा, उत्तर लेखी मागा. अन्याय दिसला तर पाळवणकर बंधूंप्रमाणे एकत्र राहून नकार द्या. मैदानातील जय आपल्या मुलांच्या अंगात आहे; तो मेजावर गमावला जाऊ नये, एवढी दक्षता घेणे थोरांचे काम आहे.