एकच खोली दोघांना कशी जाते? होमस्टेच्या बुकिंगमागचा प्लगइनचा घोळ समजून घ्या

नाताळचा आठवडा. देवबागमधला चार खोल्यांचा एखादा होमस्टे डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेलं कुटुंब सकाळी दारात उभं आहे, मोबाइलवर बुकिंगचा मेसेज आहे आणि त्यांच्या खोलीत मुंबईचे पाहुणे झोपलेत. यजमान माफी मागतो, शेजारच्या घरात सोय करून देतो. तरी संध्याकाळपर्यंत एका ताऱ्याचा रिव्ह्यू पडतोच. 'जास्त पैशांसाठी खोली दुसऱ्याला दिली' असं म्हणून लोक मोकळे होतात. खरी चूक मात्र दोन सॉफ्टवेअरनी तारीख वेगवेगळ्या पद्धतीनं वाचल्याची असू शकते.

खोली एक, वह्या तीन

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा बुकिंग फोनवर व्हायचं आणि वही एकच असायची. आता तीच खोली एअरबीएनबीवर असते, बुकिंग डॉट कॉमवर असते आणि यजमानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरही. अशी छोटी वेबसाइट वर्डप्रेसवर बांधली, तर तिला हवी ती सोय प्लगइन, म्हणजेच वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, देतात. एक बुकिंगचा, एक पेमेंटचा, एक भाषांतराचा. तिघांचे डेव्हलपर वेगळे, कदाचित तीन देशांतले.

या वह्या जुळाव्यात म्हणून एक सामाईक संकेत आहे, आयकॅलेंडर. तो १९९८ मध्ये ठरला, २००९ मध्ये सुधारला. कोणत्या तारखा भरल्या हे साध्या फाइलमध्ये कसं लिहायचं, एवढंच तो सांगतो. एका साइटची लिंक दुसरीत टाकली की दुसरी ती फाइल वाचते.

गंमत पुढे आहे. या संकेतात शेवटची तारीख धरायची नसते. '२४ ते २६ डिसेंबर' म्हणजे २४ आणि २५ची रात्र, २६ मोकळी. एखाद्या प्लगइननं २६ही धरली, तर ऐन सीझनमध्ये खोली एक रात्र रिकामी. उलट, शेवट म्हणून २५ लिहिली, तर समोरची साइट फक्त २४ची रात्र भरलेली समजते आणि २५ची पुन्हा विकते. आणखी एक खड्डा भारतीय वेळेचा. आपली २४ तारखेची मध्यरात्र जागतिक वेळेत २३ तारखेचे १८:३० असते. प्लगइननं वेळ टाकून नुसती तारीख ठेवली की सगळं बुकिंग एक दिवस मागे सरकतं. पुन्हा २५ची रात्र उघडी!

अर्थात संकेत पाळूनही थोडी फट राहते, कारण साइट्स ही फाइल काही तासांनी वाचतात. ती बुजवणाऱ्या सेवा आहेत, पण त्यांना दरमहा पैसे लागतात.

वाडीचं नाव लावा

वेबसाइटच्या पोटातही हीच कथा. गावात तीन प्रकाश असले की वाडीचं नाव जोडून हाक मारतात. वर्डप्रेसमध्येही डेव्हलपरनं आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी स्वतःची खूण लावावी, असा संकेत आहे. दोन प्लगइनमध्ये एकच नाव निघालं की साइट कोसळते. कोणी आधी काम करायचं यासाठी क्रमांक असतो. सांगितला नाही तर सगळ्यांना १०. मग पैसे जमा झाल्याची खात्री आधी की 'बुकिंग पक्कं'चा ईमेल आधी, हे कोण आधी रांगेत लागलं यावर ठरू शकतं.

वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत येताना नव्या प्लगइनची तपासणी होते. बाहेर विकले जाणारे प्लगइन त्या दारातून जातच नाहीत. तिथे संकेत पाळणं आपखुशीचं.

क्यूआर कोडला जमलं ते

मालवणच्या बाजारात कोणत्याही ॲपनं कोणताही यूपीआय क्यूआर स्कॅन होतो, कारण तिथे सगळं आपखुशीवर सोडलं नाही. ज्या कंपन्यांचे कोड फक्त त्यांच्याच ॲपवर चालत, त्यांनी ३१ मार्च २०२२पर्यंत सर्वांना चालणारे कोड आणावेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२०मध्ये दिला.

होमस्टेसाठी एवढा मोठा हुकूम नको. आणखी एक सरकारी ॲप तर अजिबात नको. ती चौथी वही होईल. निवास-न्याहारी योजनेत घरं नोंदवणाऱ्या पर्यटन विभागानं बुकिंग यंत्रणेसाठी एक पान काढलं तरी पुष्कळ: आयकॅलेंडर नियमाप्रमाणे हवं आणि सगळ्या बुकिंगची यादी मालकाला हवी तेव्हा उतरवून घेता यायला हवी. आज हे प्रश्न विचारायचे असतात हेच यजमानाला कोणी सांगत नाही. नुकसान मात्र त्याचंच.

तोवर एक चाचणी कोणालाही जमेल. वेबसाइट बनवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतःच्या साइटवर दोन रात्रींचं खोटं बुकिंग टाका. काही तासांनी बाकीच्या साइट्स उघडा आणि नेमक्या त्याच दोन रात्री बंद दिसतात का, ते मोजा. मग उलट दिशेनंही करून बघा. पावसाळ्यात, किल्ल्याच्या होड्या बंद असतात तेव्हा, याला निवांत वेळ मिळतो.