नाताळची चांदणी

नाताळ जवळ आला, कीं "यंदा घर सजविण्यास मन घेत नाहीं," असे उद्गार कित्येक घरीं ऐकूं येतात. कोठें पैशाची ओढाताण असते, कोठें दुःख ताजें असतें. आमचें म्हणणें असें, कीं उत्साहाची वाट पाहत बसूं नये. अगोदर हात चालवावे, मन मागाहून येतें.

आमच्या मातोश्री वारल्या, त्या वर्षीं आम्हींही चांदणी नको म्हटलें होतें. परंतु मुलांनीं कामट्या बांधून त्यांवर खळीनें पतंगी कागद चिकटविण्यास आरंभ केला. एक कोपरा वांकडा बसला. तो सरळ करावयास आम्ही उठलों, ते आंत दिवा लागेपर्यंत तेथेंच होतों.

खर्चाची सबबही खरी नव्हे. इ. स. १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो येथें असिसीच्या संत फ्रान्सिस यांनीं प्रभुजन्माचा देखावा मांडला, तो गव्हाण, गवत, बैल व गाढव एवढ्यावरच! तेव्हां कर्ज काढून आरास करूं नये, व साधेपणाची लाजही धरूं नये.

विद्यार्थ्यांनो, चांदणी स्वतः करा. पालकहो, तिचा एखादा कोपरा वांकडा बसल्यास रागावूं नका. उठून हात लावा.