पहिल्या पानापुढचे संविधान

२६ नोव्हेंबर आला की महाविद्यालयांत ठरलेला कार्यक्रम होतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, उद्देशिकेचे सामूहिक वाचन, फोटो, चहा. दहा मिनिटांत संविधान दिन आटोपतो. २०१५ पासून हा दिवस सरकारी पातळीवर साजरा होतो, याचे आम्ही स्वागतच करतो. पण १९४९ साली ३९५ अनुच्छेदांसह स्वीकारलेल्या संविधानाचे पहिलेच पान का वाचायचे?

गेल्या वर्षी आम्ही काही कार्यकर्ते आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी एका महाविद्यालयाच्या आवारात जाहीर वाचन ठेवले. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. झाडाखाली सतरंजी, मराठी संविधानाच्या प्रती, आणि जो येईल त्याने एक अनुच्छेद मोठ्याने वाचायचा. विद्यार्थी आले, प्राध्यापक आले, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारही आले.

एका विद्यार्थ्याने अनुच्छेद १५ वाचला. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द आले आणि महाडचा विषय निघाला. २० मार्च १९२७ रोजी ज्या हक्कासाठी आपले लोक चवदार तळ्यावर गेले, तो हक्क इथे स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. उद्देशिकेत समता आहे, पण तळे दिसते ते अनुच्छेद १५ मध्ये.

मग सफाई काम करणाऱ्या एका मावशींनी अनुच्छेद २३ अडखळत वाचला. 'वेठबिगारी' या शब्दावर त्या थांबल्या. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे, हे आम्ही त्यांना सांगितले. मावशींनी विचारले, "मग आमचा ठेकेदार काय करतो?"

यंदा आम्हाला परवानगी नाकारली गेली. 'उद्देशिकेपुरते ठेवा' असा निरोप आला. उद्देशिका वाचून कुणाला पगार विचारला जात नाही, म्हणून ती चालते. अनुच्छेद वाचला की माणूस स्वतःची परिस्थिती त्याच्याशी ताडून पाहतो. अडचण तिथे आहे.

दोष फक्त व्यवस्थापनाचा नाही. आपणही संविधान कपड्यात गुंडाळून ठेवतो, त्यापुढे मेणबत्ती लावतो आणि पान उघडत नाही. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्यांनी घडवलेल्या ग्रंथाचीच पोथी करणे हा त्या इशाऱ्याचा अवमान आहे.

म्हणून यंदाही वाचन होणार. आवारात जागा मिळाली नाही तर महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकू. रस्ताही अनुच्छेद १५ मध्ये आहेच.

प्रत घेऊन या. मावशींना सोबत आणा.

जयभीम!