नव्या मालट्रकची गळती आणि आमची सही

वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या दारीं आज बैलजोडीच्या शेजारीं, किंबहुना पुष्कळ ठिकाणीं तिच्या जागीं, ट्रॅक्टर नाहीं तर लहान मालट्रक उभा असतो. त्याच्या खरेदीबद्दल आपण बोलतों, हप्त्यांबद्दल तर नित्यच बोलतों. पण नवें वाहन बिघडलें आणि विक्रेत्याच्या वर्कशॉपनें तें अर्धवट दुरुस्त करून परत दिलें, तर काय करावें, याविषयीं आपल्या मासिकांत कोणी लिहिलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. माझ्यावर तो प्रसंग आला. त्यांत वर्कशॉपची चूक होती हें खरें; पण जी चूक मला अधिक महाग पडली ती माझी स्वतःची होती, आणि आपल्यांतील बहुतेकजण तीच करतात अशी माझी समजूत असल्यामुळें हा मजकूर लिहीत आहें.

२०२३ च्या दसऱ्याला मीं कर्ज काढून लहान मालट्रक घेतला. घरचा कापूस व तूर दर्यापुराहून अकोल्यास न्यावी, आणि मोकळ्या दिवसांत मोर्शी-वरुडकडील संत्र्याचीं भाडीं करावीं, असा हेतु होता. महिना झाला नाहीं तोंच सकाळीं अंगणांत तेलाचे डाग दिसूं लागले. वर्कशॉपांत नेला, तेव्हां मिस्त्रीनें खालून फडक्यानें पुसून, "नव्या गाडीला थोडा घाम येतोच," असें सांगितलें. मलाही तें पटलें. दुसऱ्या खेपेस सांध्यावर कसलासा करडा लेप थापला. तिसऱ्या खेपेस गिअरबॉक्स उतरवून इंजिनाच्या मागचें सील बदललें, आणि त्यासाठीं गाडी एकोणीस दिवस ठेवून घेतली. आंबिया बहाराचीं भाडीं तेवढ्यांत निघून गेलीं. अमरावती-अकोला मार्गावर २०२२ च्या जूनमध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला व त्याची गिनीज बुकांत नोंद झाली, हें वाचकांस आठवत असेल. त्याच मुलखांत एका सीलसाठीं माझा ट्रक एकोणीस दिवस उभा होता.

आठ दिवसांनीं डाग पुन्हां पडले, आणि आतां माल भरला कीं क्लच घसरूं लागला. कारण तेल प्लेटीपर्यंत पोंचलें होतें. वर्कशॉपचें उत्तर असें कीं, क्लचची प्लेट हा झिजणारा भाग असल्यामुळें तो हमींत बसत नाहीं, आणि गळतीचें म्हणाल तर तें काम तुमच्या समाधानानें पूर्ण झालें आहे. असें म्हणून त्यांनीं तीन जॉबकार्डें माझ्यापुढें ठेवलीं. तिहींवर "काम समाधानकारक झालें" या ओळीखालीं माझी सही होती. दोन सह्या मीं चष्मा नसतांना, उभ्याउभ्या, इंजिन सुरू होण्यापूर्वींच केल्या होत्या. तक्रारीच्या रकान्यांत पहिल्या दोन वेळां "जनरल चेकअप" आणि तिसऱ्या वेळीं नुसतें "सील बदलणें" एवढेंच होतें. गळती हा शब्द तिन्ही कागदांवर कोठेंही नव्हता.

आपली ही संवय कशी पडली तें उघड आहे. बंडीचा आंस ढिला झाला तर गांवचा सुतार तो बसवून देई. पुन्हां ढिला झाला तर त्याला हांक मारली कीं तो येई, कारण त्याला त्याच गांवांत राहावयाचें असे. तेथें कागदाचें काम नव्हतें. वर्कशॉपांतील मिस्त्री मात्र सहा महिन्यांनीं तेथें असतोच असें नाहीं. तेथें मागें राहतो तो कागद, आणि तो आपण न वाचतां त्यांच्या बाजूनें सही करून देतों.

आतां गळतीविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण यंत्रांतलें कळत नाहीं म्हणून आपण मुकाट्यानें परत येतों. जेथें थेंब पडतो तेथेंच तेल गळत असतें असें नाहीं. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागें नेतो, व तें सर्वांत खालच्या टोंकाला गोळा होऊन टपकतें. रात्रीं गाडीखालीं पांढरा पुठ्ठा ठेवावा. इंजिनाचें तेल तपकिरी अथवा काळें असतें. गिअरचें तेल घट्ट व गंधकासारख्या उग्र वासाचें असतें. रेडिएटरचें रंगीत पाणी हिरवें किंवा गुलाबी दिसतें. ब्रेकचें तेल पातळ असतें, आणि तें दिसल्यास गाडी हलवूंच नये. नंतर इंजिनाची खालची बाजू स्वच्छ धुऊन, वाळवून, संशयाच्या जागीं खडूची भुकटी फुंकावी व इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें. भुकटीवर पहिली ओल जेथें उमटेल तो उगम. यास पैसा लागत नाहीं. पण गाडीखालीं वांकून पाहण्याची तयारी मात्र पाहिजे.

उगम सांपडला म्हणजे कारण सांपडलें असेंही नव्हे. इंजिनांत जळालेल्या वायूचा कांहीं अंश पिस्टनाच्या बाजूनें तेलाच्या पेटींत उतरतो, व तो बाहेर जाण्यासाठीं एक श्वासनळी असते. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली किंवा दबली तर आंत दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या सांध्यांतून बाहेर पडतें. अशा वेळीं सील कितीही वेळां बदला, नवें सीलही गळणारच. माझ्या ट्रकचें नेमकें हेंच होतें. मीं विक्रेत्यास व कंपनीस स्पीड पोस्टानें पत्र धाडलें. त्यांत प्रत्येक खेपेची तारीख, त्या दिवशींचें किलोमीटर, डागांचीं छायाचित्रें आणि "गळतीचें कारण लेखी कळवावें" एवढी एकच मागणी होती. पंधरा दिवसांत कंपनीचा इंजिनिअर आला. ब्रीदरची रबरी नळी एका पट्टीखालीं चेपलेली निघाली. काम एका दुपारचें होतें. क्लचप्लेटीच्या किंमतींतील अर्धी रक्कम त्यांनीं सोसली, अर्धी मीं. माझ्या तीन सह्या नसत्या तर ती अर्धीही मीं दिली नसती. पत्र गेल्यानंतर वर्कशॉपांत मला बसावयास खुर्ची मिळूं लागली हेंही नमूद करतों.

पत्रानेंही भागलें नाहीं तर कायदा आहे. पुण्याच्या बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ मध्यें ग्राहक पंचायतीचें काम सुरू केलें. ग्राहक संरक्षण कायदा झाला १९८६ मध्यें, आणि त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. कंपनीच्या गांवीं जावें लागत नाहीं. किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं, पांच ते दहा लाखांपर्यंत दोनशें रुपये आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ती "पुढच्या सर्व्हिसिंगला पाहूं" या आश्वासनांत कशी निघून जाते तें कळतही नाहीं. ट्रक भाड्यानें चालवितां म्हणून तुम्ही ग्राहक नाहीं, असें समोरून सांगितलें जाईल. त्यावर सर्वोच्च न्यायालयानें १९९५ मध्यें लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यांत खुलासा केला आहे कीं, स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः ट्रक चालविणारा मनुष्य ग्राहकच होय, आणि एकदोघांची मदत घेतल्यानें त्याचें तें नातें तुटत नाहीं. मात्र नवी गाडीच बदलून द्या अशी मागणी सहसा करूं नये. २००६ च्या मारुती उद्योगाच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें, हमीचें बंधन भाग दुरुस्त करण्याचें अथवा बदलण्याचें आहे, असें धरलें. मागावें तें दुरुस्ती, तिच्यामुळें झालेलें नुकसान आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई.

"पुन्हां त्याच वर्कशॉपांत जावयाचें आहे, वैर कशाला?" असें माझे एक शेजारी म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. तथापि जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहविणें, काढलेला जुना भाग पाहावयास मागणें, दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून मगच सही करणें, आणि समाधान नसेल तर सहीच्या वर "गळती चालू आहे" असे तीन शब्द लिहिणें, यांत वैर तें काय? वर्कशॉपांत यासाठीं मला कोणी अडविलें नाहीं. मी मागतच नव्हतों.

मंडळाच्या येत्या सभेंत मी असा ठराव मांडणार आहें कीं, सभासदांच्या ट्रॅक्टर-ट्रकांच्या हमीकाळांतील बिघाडांची एक नोंदवही कचेरींत ठेवावी. म्हणजे एकाच प्रकारचें वाहन चार गांवांत एकाच जागीं गळत असेल तर तें समजेल आणि पत्रावर चार सह्या जातील. ज्यांच्यापाशीं अशीं जॉबकार्डें असतील त्यांनीं सभेपूर्वीं त्यांच्या नकला आणून द्याव्या. माझ्या तिन्ही नकला पहिल्या पानासाठीं दिल्या आहेत, सह्यांसकट.